डाव्या पायाचं देणं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल नवं असताना कोकम सरबतासारखं लाल असतं. मेस्त्रींनी गिअरबॉक्सखालची थाळी सोडली तेव्हा तिच्यातून पडलं ते चुलीवर तासभर राहिलेल्या चहासारखं काळं होतं, आणि त्याला करपल्याचा वास येत होता. थाळीच्या तळाशी काजळीचा गाळ बसलेला. मेस्त्रींनी तो चिमटीत घेतला, बोटांनी चोळला, नाकाशी नेला. मग काही न बोलता बॉनेट उघडलं आणि मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवून म्हणाले, "रेस पुरी देवा." मी पेडल तळाला टेकवलं. ते कार्बोरेटरपाशी वाकले आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या एका बारीक वायरकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी हात पुसत समोर आले.

"मास्तर, चूक माजी. गिअराची नाय, तुमची तर न्हयच. मीया वायर जोडलंय ती चुकीची."

2011 सालच्या पावसाळ्यातली, मालवण बंदराजवळच्या एका पत्र्याच्या गॅरेजातली ही गोष्ट. इतक्या वर्षांत माझ्यासमोर इतक्या सरळपणे 'चूक माझी' म्हणणारी माणसं मला फार भेटली नाहीत. हे सगळं लिहायला बसलो ते त्या एका वाक्यामुळे.

गाडी बाबांची. ते मुंबईत एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. 1992 सालची कॉन्टेसा क्लासिक त्यांनी शोरूममधून स्वतः चालवत आणली आणि पुढची अकरा वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनीची किंमत बाबांच्या फंडातून वळती करून घेतली. 2003 मध्ये बाबा निवृत्त होऊन तीच गाडी चालवत गावी आले. आमच्या आळीत तोवर मोटारसायकली आणि एक रिक्षा. चिऱ्याच्या गडग्यामधल्या वाटेनं ती लांबरुंद, पांढरी गाडी आत यायची तर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरायची. बाबा डावा हात गिअरच्या मुठीवर ठेवूनच बसायचे. गाडी उभी असली तरीसुद्धा.

ज्यांनी कॉन्टेसा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या व्हीएक्स या गाडीचे साचे हिंदुस्थान मोटर्सनं घेतले आणि 1984 मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर पडली. सुरुवातीला तिच्यात अँबॅसडरचंच 1,489 सीसीचं इंजिन होतं. एवढ्या मोठ्या अंगाला ते पुरत नव्हतं. पुढे जपानच्या इसुझूचं 1,817 सीसीचं इंजिन आणि पाच स्पीडचा गिअरबॉक्स आला, तीच ही 'क्लासिक'. लांब नाक, रुंद खांदे, मागच्या चाकांना जोर. म्हणून आपल्याकडचे शौकीन तिला भारताची मसल कार म्हणतात. अमेरिकेतल्या पॉन्टिअॅक जीटीओसारख्या गाड्यांच्या ताकदीशी तिची बरोबरी नाही, पण रस्त्यावर उभी राहिली की ऐट त्याच घराण्यातली. 2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

बाबा 2006 मध्ये गेले. 2008 मध्ये कसालहून मोटारसायकलनं येताना मला अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जयपूर फूट बसवला. मी शाळेत पुन्हा उभा राहून शिकवायला लागलो. नारळाच्या झाडाखालची गाडी मात्र उभीच राहिली.

क्लच हे काम पायाच्या तळव्याचं आहे. पेडल कुठे पकडतं, इंजिन कधी थरथरतं, हे तळव्याला कळतं आणि मग पाय आपोआप थबकतो. रबर आणि लाकडाच्या पावलाला ते कळत नाही. मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी कुंभारमाठच्या चढावर गाडी मागे घसरली. मागच्या टेम्पोवाल्यानं वेळेवर हॉर्न दिला आणि माझा उजवा पाय ब्रेकवर गेला म्हणून निभावलं. बाजूच्या सीटवर आई होती. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिनं गाडीच्या किल्ल्या देवघरातल्या फळीवर ठेवल्या.

तेव्हा ऑटोमॅटिक गाडी ही सर्वसामान्यांची गोष्ट नव्हती. होत्या त्या थोड्या, आणि शिक्षकाच्या पगारात हातापलीकडच्या. मारुतीनं 2014 मध्ये सेलेरिओत स्वस्तातली गिअर बदलणारी यंत्रणा आणली आणि चित्र बदललं. आमच्या वेळी ते नव्हतं. हातानं दाबायचा क्लच बसवून पाहिला. एक हात क्लचला, दुसरा गिअरला, मग स्टिअरिंग कुणी धरायचं? गाडी विकायचं ठरलं. सावंतवाडीचा एक गिऱ्हाईक येऊन बघून गेला.

मेस्त्रींचं आणि माझं नातं तोवर एवढंच, की त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. ते मोटारींचे मेस्त्री नव्हतेच. चाळीस वर्षं बंदरावर ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात गेलेली. बांगड्याच्या हंगामात रात्री दोन वाजता कुणी हाक मारली तरी कंदील घेऊन निघणारा माणूस. नातवाकडून त्यांना विक्रीचं कळलं असावं. एका संध्याकाळी ते आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"पाय गेलो म्हणान गाडी कित्याक इकतास? क्लच काढून टाकूया."

मला वाटलं, ते समजूत घालताहेत. त्यांनी ओसरीवर बसून समजावलं. ट्रॉलरचा गिअरबॉक्स पुढे-मागे करतो तो तेलाच्या दाबावर. दांडा हलवला की तेल एका बाजूच्या क्लचमध्ये शिरतं आणि चकत्या दाबल्या जातात. माणसाचा जोर लागत नाही. ऑटोमॅटिक मोटारीतही तेच, फक्त चकत्यांचे संच जास्त. आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधला क्लच काढून तिथे जो गोल डबा बसतो त्याचं काम तर त्यांनी रोज जेटीवर पाहिलेलं. एक ट्रॉलर नांगरून उभा असतो, त्याचा पंखा सुटा असतो. शेजारच्यानं इंजिन मारलं की त्याच्या पंख्यानं ढकललेलं पाणी या सुट्या पंख्यालाही फिरवतं. मध्ये लोखंड नाही, फक्त पाणी. त्या गोल डब्यात समोरासमोर असेच दोन पंखे असतात आणि पाण्याच्या जागी तेल. म्हणून गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि डाव्या पायाला कामच उरत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवर मी नंतर पुष्कळ वाचलं. मधला तिसरा छोटा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा फिरवतो आणि त्यामुळे सुटताना जोर वाढतो, हेही कळलं. पण मूळ गोष्ट मला कळली ती त्या ओसरीवर.

काम सुरू करण्याआधी त्यांनी एक अट घातली. "आदी ओरोसाक जावा. कागद करून हाडा. मगे पानो हातात घेतंय." मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यांना आकड्यानं माहीत नव्हतं. पण नोंदणीत जे लिहिलंय त्यात बदल करायचा तर ओरोसच्या आरटीओची परवानगी आधी, हे ठाऊक होतं. अपंगत्वाचा दाखला, अर्ज, तपासणी हे सगळं झालं. आज कुणी मला विचारलं तर मी पहिलं हेच सांगतो. गाडी रस्त्यावर दुसऱ्यांच्या जिवाशी असते. तिचा कागद सरळ हवा.

पहिला गिअरबॉक्स कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आला. जुन्या जपानी गाडीतला, तीन स्पीडचा. इसुझूच्या इंजिनाची बोल्टांची भोकं एका जागी आणि या गिअरबॉक्सची दुसऱ्या जागी, म्हणून मध्ये पोलादी पट्टी हवी. मेस्त्रींनी पुठ्ठ्यावर दोन्हींचे छाप घेतले, शाईनं खुणा केल्या आणि फोंडा घाट चढून आम्ही कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका टर्नरनं पट्टी कापून दिली. ही पट्टी जाडीला चुकली तर निभावतं, मध्याला चुकली तर नाही. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य केसाएवढा सरकला की फिरताना सगळी यंत्रणा लचकत राहते आणि काही महिन्यांत पंपाचं बुश खाते. टर्नर डायलचा काटा पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता. मेस्त्री त्याच्या खांद्यामागे उभे. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते, आणि दुपारी जेवायला बसले तेव्हा वीस वर्षांची ओळख असावी तसे बोलत होते.

गाडीखालच्या बोगद्यात तो गिअरबॉक्स जवळजवळ न ठोकता बसला, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. ही गाडी जिच्यावरून घेतली त्या व्हीएक्सला ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकचाही पर्याय मिळायचा, हे नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला.

चैत्रात गाडी चालली. आळीतून पहिल्यांदा बाहेर पडताना मी सवयीनं डावा पाय उचलत होतो. "डाव्याक आता काय काम नाय," मेस्त्री बाजूच्या सीटवरून म्हणाले, "तेका बसांदे." तारकर्लीपर्यंत गेलो आणि परत आलो. आईनं देवघरातल्या फळीवर साखर ठेवली.

मग जुलैत आंबोली. मेस्त्रींचाच आग्रह, की घाट चढल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. सावंतवाडी सोडली, दाणोली सोडली आणि चढ सुरू झाला. अर्ध्या घाटात इंजिन ओरडायला लागलं. आवाज वाढतोय आणि गाडी तिथेच. मग करपल्याचा वास. बाजूला घेतली. धबधब्यांचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं.

ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढूनही नेता येत नाही. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर तेल नाही, आणि तेलाशिवाय आतली चाकं फिरली की जळतात. मेस्त्रींना हे माहीत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्याकडे दिली, पाना घेतला आणि त्या वाहत्या पाण्यात उताणे पडून गाडीखाली शिरले. मागच्या धुराकडचे चार बोल्ट सोडून प्रॉपेलर शाफ्ट काढला आणि मगच दोर बांधू दिला. तेव्हा त्यांचं वय बासष्ट. बाहेर आले तेव्हा पाठीला चिखल आणि ओठ निळे. मी दाणोलीला चहा मागवला. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच निवू दिला. काय चुकलं याचाच विचार चालू होता.

काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी थाळी उघडल्यावर कळलं. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी ती बारीक वायर गिअरबॉक्सला सांगते की माणूस पेडल किती दाबतोय. जास्त दाबलं तर आत तेलाचा दाब वाढतो, चकत्या घट्ट धरल्या जातात. आमच्या कार्बोरेटरचा दांडा होता आखूड. पेडल तळाला गेलं तरी वायर अर्धीच ओढली जायची. गिअरबॉक्सला वाटे, ड्रायव्हर रमतगमत चाललाय. आणि खरं तर आम्ही तीन माणसं घेऊन घाट चढत होतो. दाब अपुरा, चकत्या घसरल्या, घसरून जळल्या. सपाट मालवणात हे कधी कळलं नसतं.

अमेरिकेत जुन्या मसल कारवाले तीन स्पीडचा टर्बो हायड्रामॅटिक 350 काढून 1982 साली आलेला चार स्पीडचा 700आर4 बसवतात. हमरस्त्यावर इंजिन शांत चालावं म्हणून. त्यांच्यातही सगळ्यात जास्त गिअरबॉक्स जळतात ते याच वायरपायी, हे मी पुढे वाचलं. मेस्त्रींना मी ते सांगितलं, तेवढाच त्यांच्या मनावरचा भार कमी होईल म्हणून. ते म्हणाले, "तेंची चूक तेंका. माजी माका."

आणि मग त्यांनी केलं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. पहिल्या कामाची मजुरी, साडेसहा हजार रुपये, त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आईच्या हातात आणून दिली. मी घरी नव्हतो. आई नको नको म्हणाली. "वैनी, जळलेल्या कामाची मजुरी घेतली तर माका भात गिळूचो नाय," एवढं बोलून ते गेले. मी परत द्यायला गेलो, घेतली नाही. वर म्हणाले, तीन स्पीडचा पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. घाटात त्यानं धरलं असतं तरी हायवेला इंजिन ओरडतच राहिलं असतं. वेगळा हवा. चार स्पीडचा.

इथे दुसऱ्या एका माणसाचं देणं आहे. वेंगुर्ल्याचा. शारजातल्या एका गॅरेजात बरीच वर्षं काढून परत आलेला. मेस्त्रींनी त्याला शोधून काढला. त्यानं टोयोटाचा ए43डी सुचवला. तिकडे त्यानं असे डझनांनी खोलले होते. पहिला गिअर 2.45, दुसरा 1.45, तिसरा सरळ एकास एक आणि चौथा 0.69. म्हणजे तिसऱ्यात इंजिन 3,000 फेऱ्या घेत असेल तर त्याच वेगाला चौथ्यात 2,100 पेक्षा कमी. त्यात कॉम्प्युटर नाही. सगळं तेल, स्प्रिंगा आणि झडपा. बंदरावरच्या माणसाला दुरुस्त करता येईल असा. त्यानं स्वतःजवळची दुरुस्तीच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली. अडीचशे पानं, कडा तेलकट. मोबदला विचारला तर म्हणाला, पुस्तक परत आणून द्या, एवढंच.

पुस्तक इंग्रजीत. मेस्त्री म्हणाले, "तुमी वाचा, माका सांगा." त्या गणपतीनंतरचे सगळे रविवार आणि पुष्कळशा संध्याकाळी आम्ही गॅरेजात तेच करत बसलो. मी ट्यूबलाइटखाली स्टुलावर. ते जमिनीवर, समोर कुर्ल्याहून आलेला ए43डी सुट्टा करून मांडलेला. प्रत्येक भाग जुन्या पत्रिकांच्या कागदावर, काढला त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. झडपांचा डबा म्हणजे अॅल्युमिनियमची एक वारुळासारखी लादी, तिच्यात तेलाच्या वाटा कोरलेल्या. तिच्यातल्या लहान रबरी आणि पोलादी गोळ्या कुठल्या खळग्यात कुठली, हे चुकलं की संपलं. मी आकृती बघून सांगायचो, ते खडूनं सिमेंटवर वाटा काढायचे आणि मग म्हणायचे, थांबा, इथे तेल परत कसं येतं ते पुस्तकात नाही. दोनदा त्यांचं बरोबर निघालं. पान उलटलं की पुढच्या आकृतीत ते असायचं. ग्रहचक्रांच्या भागाला इंग्रजीत सूर्य आणि ग्रहच म्हणतात हे सांगितल्यावर ते खूश झाले. मधला सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि बाहेरचं कडं. यातलं कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला मोकळं सोडायचं एवढ्यावर गिअर ठरतो.

मी वीस वर्षं इंग्रजी शिकवली. माझ्या वाचनाचा प्रत्येक शब्द कुणी इतका कान देऊन ऐकला असेल तो त्या जमिनीवर बसलेल्या माणसानं.

ए43डी लांबीला जास्त, म्हणून खालचा आडवा दांडा मागे सरकवला, प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स केला. त्यासाठी परत कोल्हापूर. त्या टर्नरनं नवी पट्टी कापून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. "पहिली वाया गेली न्हवं," म्हणाला. मेस्त्रींनी रेडिएटरपुढे तेल थंड करणारी वेगळी जाळी बसवली. एकदा घाटात पोळल्यावर ती आलीच. बाबांची गिअरची मूठ नव्या दांड्यावर बसवावी असं माझ्या मनात होतं. ऑटोमॅटिकच्या मुठीला बाजूला दाबायचं बटण असतं, ते दाबल्याशिवाय दांडा मागे-पुढे जात नाही. जुनी मूठ बसणं शक्य नव्हतं. मेस्त्रींनी ती रॉकेलनं धुऊन, फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. ती डॅशबोर्डच्या खणात असते.

आणि वायर. पुस्तकात लिहिलं होतं, की पेडल पूर्ण दाबलेलं असताना वायरवरच्या बारीक टोपणात आणि रबरी नळीच्या टोकात शून्य ते एक मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. मी वाचलं. मेस्त्रींनी पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी कार्बोरेटरच्या आखूड दांड्यावर पत्र्याची अर्धचंद्रासारखी नवी चकती घडवून बसवली होती, वायरीला पुरा पल्ला मिळावा म्हणून. ती कानशीनं घासून तीन वेळा बदलली. मग हॅकसॉच्या पात्याचा तुकडा घेतला. पातं अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जाड असतं. मला म्हणाले, "रेस पुरी देवा." मी उजवा पाय तळाला टेकवला. त्यांनी ते पातं टोपण आणि नळीमध्ये सरकवलं. हलकं अडलं आणि गेलं. "सोडा." सोडला. "परत देवा." असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. बाहेर अंधार पडला, जेटीवरचे दिवे लागले, नातू जेवायला बोलवायला येऊन परत गेला. शेवटी त्यांनी नट आवळला, पातं खिशात घातलं आणि बॉनेट अलगद खाली घेतलं.

2012 च्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा आंबोलीला गेलो. त्याच वळणावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. इंजिन चालू, दांडा 'पी'वर. तेल तपासायचं ते असंच, गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून. त्यांनी पट्टी काढली, पांढऱ्या कागदावर टेकवली. लाल. तो कागद हुंगून त्यांनी माझ्यापुढे धरला. कसलाही वास नव्हता. उतरताना चौथा बंद करून दांडा खालच्या गिअरात ठेवायला शिकवलं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन गाडीला साध्या गिअरइतकं धरून ठेवत नाही, ब्रेकवर विसंबून उतरलं तर ब्रेक तापतात.

या खेपेला मजुरी किती, हे मी सहा वेळा विचारलं असेन. कुर्ल्याच्या व्यापाऱ्याकडे पुढे एकदा गेलो तेव्हा कळलं की ए43डीची निम्मी रक्कम मेस्त्रींनी स्वतः, माझ्या आधी, भरली होती. मला सांगितलेली किंमत निम्मीच होती. परत आल्यावर मी त्यांच्यासमोर पैसे ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बंदरावर माजी कितीक इंजिना बुडाली, मास्तर. ह्यां एक तरी चलांदे." मी पैसे उचलले. ते उचलायला नको होते की हवे होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही जाणकार मला म्हणतात की मूळ गिअरबॉक्स काढून गाडीची किंमत घालवलीत. जुन्या वस्तूंवर त्यांचं प्रेम आहे, मी त्याचा मान ठेवतो. मूळ पाच स्पीडचा गिअरबॉक्स आमच्या पडवीत गोणपाटात, तेल लावून ठेवलेला आहे. बॉडीचा पत्रा कुठे कापलेला नाही. ज्याला उद्या तो परत बसवायचा त्यानं बसवावा. पण गाडी चालवण्यासाठी असते, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी 'व्हॅलिअंट' नावानं जी योजना काढली तिचा आधारही हाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. 1940 च्या मॉडेलपासून त्यांनी तो हायड्रामॅटिक विकायला काढला होता. आळसासाठी निघालेली चैन म्हणून ऑटोमॅटिककडे बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

त्या वर्षीपासून आईला घेऊन दरसाल आंगणेवाडीच्या जत्रेला मीच जातो. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौल लागल्यावर ठरते. ती कळली की आई आधी विचारते, तेल बदललंस? कुणकेश्वर, आचरा, कोल्हापूरची अंबाबाई, सगळीकडे गाडी गेली आहे. जुनी आहे, खारी हवा आहे, दरवर्षी कुठे ना कुठे गंज निघतो. गिअरबॉक्स त्यानंतर उघडावा लागलेला नाही. तेल मात्र दर दसऱ्याला बदलतो, आणि बाहेर काढलेलं पांढऱ्या कागदावर टेकवून बघतो.

मेस्त्रींनी गॅरेज आता नातवाला दिलंय. माझाच विद्यार्थी. डोळ्यांमुळे त्यांना बारीक काम जमत नाही. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना घ्यायला जातो. ते बाजूच्या सीटवर बसतात, खिडकीची काच खाली करतात आणि चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत काही बोलत नाहीत. तिसऱ्यातून चौथा पडतो तिथे त्यांचा उजवा अंगठा मांडीवर हलकेच टेकतो. गेल्या महिन्यात तो टेकायच्या क्षणभर आधीच गिअर पडला. परत आल्यावर त्यांनी नातवाला हॅकसॉचं पातं आणायला सांगितलं. वायर पाव मिलिमीटर ताणली गेली होती.

मालवणात आलात आणि बंदराच्या रस्त्यावर पांढरी कॉन्टेसा दिसली तर हात करा, मी थांबेन. डाव्या पायानं अधू असलेलं कुणी तुमच्या घरात असेल आणि त्याची गाडी झाडाखाली उभी असेल तर ती विकण्याआधी त्याला आमच्याकडे पाठवा. पुस्तकाच्या झेरॉक्सची प्रत माझ्याकडे आहे, मी ती वाचून दाखवीन. वायर कशी जुळवायची ते मेस्त्री सांगतील.